हनुवटीवर खळी असलेला इसम

“कुणाचं बोट?” तीळमास्तरांनी विचारलं, आणि तिथेच सगळं बिनसलं.

वास्तविक विचारायची काही गरज नव्हती. संध्याकाळची वेळ, चहा झालेला, बाई जेवणाच्या टेबलाशी बसून मोबाइलवर लिहिलेलं वाचून दाखवताहेत आणि मास्तर ऐकल्यासारखं करताहेत. संसार असाच चालतो. एकाने ऐकवायचं, दुसऱ्याने ‘हं’ म्हणायचं. पण बाईंनी वाचलं, “त्याच्या हनुवटीवर एक खळी होती. बोट ठेवलं तर बोटाचं टोक नेमकं बसावं, एवढीच,” आणि मास्तरांचं ‘हं’ घशात अडकलं.

“कुणाचं म्हणजे? नायिकेचं,” बाई म्हणाल्या.

“तिने ठेवून बघितलंय?”

“अजून नाही. पुढच्या भागात ठेवणार आहे.”

“मग नेमकं बसतं हे तुला कसं कळलं?”

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. शाळेत सातवीच्या वर्गाला गणित शिकवणाऱ्या बाई जशा पाहतात तशा. “अहो, कथा आहे,” त्या म्हणाल्या आणि पुढे वाचू लागल्या.

आता मास्तरांविषयी दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर वाचक त्यांना उगाच वेडा समजेल. मास्तर हे मास्तर नव्हते. शिकवायच्या त्या बाई. हे ओळखपत्रांच्या कचेरीत खिडकीमागे बसून लोकांच्या चेहऱ्यावरच्या खुणा लिहून घ्यायचे. “ओळखीची खूण?” असं विचारलं की माणूस “काही नाही” म्हणायचा. मग मास्तर चष्मा कपाळावर चढवून पुढे वाकायचे आणि त्याच्या आईलाही ठाऊक नसलेला तीळ कानामागून शोधून काढायचे. बिनखुणेचा माणूस अजून जन्माला यायचाय, असं ते कचेरीत नव्याने आलेल्या प्रत्येकाला ऐकवत. म्हणून तीळमास्तर.

अशा माणसासमोर नायकाचं वर्णन वाचणं म्हणजे सोनारासमोर पितळेचा दागिना काढून ठेवणं. गंमत अशी की हा दागिना पितळेचा निघाला नाही. बाईंच्या धाकट्या बहिणीने त्यांना मोबाइलवरच्या एका ॲपवर प्रेमकथा लिहायच्या नादाला लावलं होतं. पहिल्या भागात बाईंनी लिहिलं, ‘त्याचा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा होता.’ बहिणीचा ताबडतोब फोन आला. “ताई, हा नायक आहे की त्रिकोण? केस दिसले पाहिजेत, डोळे दिसले पाहिजेत, ओठ दिसले पाहिजेत. वाचणारीच्या अंगावर काटा यायला हवा!” बाई मुळात चिकाटीच्या. त्यांनी काटा आणायचं मनावर घेतलं. हे सगळं त्यांनी मास्तरांना वेळच्या वेळी सांगितलं होतं. मास्तर वेळच्या वेळी ‘हं’ म्हणाले होते.

त्या संध्याकाळी मात्र ते पहिल्यांदाच ऐकत होते. बाई वाचत होत्या, “केस दाट आणि जरा बेशिस्त. कितीही मागे सारले तरी एक बट कपाळावर यायचीच. कानाच्या वर पांढऱ्याची एक रेघ. डाव्या भुवईत मधेच जुन्या जखमेची फट होती, आणि त्या फटीवरून एकदा ओठ फिरवून बघावेत असं तिला वाटायचं. डोळे उजेडाकडे धरलेल्या चहाच्या रंगाचे. खालचा ओठ वरच्यापेक्षा थोडा भरलेला, काहीतरी बोलायचं राहून गेल्यासारखा.”

मास्तरांच्या डोक्यात आपोआप रकाने भरत गेले. डावी भुवई, व्रण, जुना. कानावर पांढरे केस. हनुवटी, खळी. हातातला रिकामा कप त्यांनी टेबलावर ठेवला. नाक सरळ, डोळे पाणीदार, हे कुणीही मनाने लिहील. भुवईतला व्रण मनाने लिहिता येत नाही. तो पाहावा लागतो, आणि जवळ जाऊन पाहावा लागतो.

“हा माणूस तू पाहिलेला आहे,” ते म्हणाले.

“न पाहिलेलं लिहू कसं?” बाई सहज म्हणाल्या आणि भाजी परतायला उठल्या.

झालं. संशयाला याहून जास्त खतपाणी लागत नाही. मास्तरांनी बाथरूममध्ये जाऊन आरशात आपली हनुवटी पाहिली. खळी नव्हती. नीट पाहिलं तर हनुवटीसुद्धा फारशी नव्हती. खरं सांगायचं तर मास्तर घाबरले होते. रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेला माणूस भांडतो आणि मोकळा होतो. घाबरलेला माणूस शेजाऱ्याचा सल्ला घेतो.

शेजारी होते दक्षताकाका. समोरचंच दार. एका मोठ्या कंपनीत कामगारांच्या चोऱ्या पकडायच्या दक्षता खात्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर संशय घ्यायला हाताशी कुणी उरलं नाही म्हणून बिचारे झुरत होते. मास्तरांनी “एका मित्राची गोष्ट आहे” अशी सुरुवात केली. काकांनी पहिल्या वाक्यालाच हात वर केला. “वहिनींचं काय झालं ते सांग.”

मास्तरांनी सगळं सांगितलं. काकांच्या चेहऱ्यावर तजेला आला.

“वहिनी नवीन साडी नेसतात?”

“कधीकधी.”

“आरशात बघतात?”

“शाळेत जाताना.”

“आणि तुझ्याशी नीट वागतात का?”

“हो. एकदम नीट.”

काका हळहळले. “मग प्रकरण पुढे गेलेलं आहे. हे बघ मास्तर, घाई करायची नाही, आवाज चढवायचा नाही. आधी इसम कोण ते काढायचं. डोळ्यांत तेल घालून बघत राहा. खळी कुठे पळून जातेय?”

मास्तरांनी डोळ्यांत तेल घातलं ते नेमकं कचेरीत. दुसऱ्या दिवसापासून खिडकीवर जो पुरुष येई त्याची हनुवटी आधी बघायची आणि मग अर्ज. खळी दिसली की चौकशी सुरू. राहता कुठे? सातवीतली कुणी मुलं ओळखीची आहेत का? गोष्टी वगैरे वाचता? एका अर्जदाराने दाढी राखली होती. दाढीखाली काय आहे हे लिहिणं नियमाने गरजेचं आहे असं मास्तरांनी त्याला ठणकावून सांगितलं. असा काही नियम नव्हता. तरी त्यांनी खिडकीतून हात घालून दाढीतून चाचपून पाहिलं. आत काही सापडलं नाही. अर्जदार वकील निघाला, एवढंच.

साहेबांनी मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं. “तुम्ही लोकांच्या हनुवटीला हात लावता अशी तक्रार आहे.”

“खुणेची खात्री करत होतो, साहेब.”

“खूण नाही असं तो सांगत होता ना?”

“सगळे तसंच सांगतात, साहेब. नंतर निघते.”

साहेबांनी खुर्ची थोडी मागे सरकवली आणि स्वतःच्या हनुवटीवर हात ठेवून म्हणाले, “उद्यापासून तुम्ही जावक विभागात बसा.” इतकी वर्षं सांभाळलेली खिडकी अशी गेली. जावक विभागात चेहरे नसतात, लिफाफे असतात. मास्तर लिफाफ्यांना डिंक लावत बसले आणि मनातल्या मनात त्या इसमाच्या नावाने बोटं मोडू लागले. बायको नेली ती नेली, वर खिडकीही नेली.

काकांना ही बातमी कळली तेव्हा ते म्हणाले, “असं हातांनी चाचपून माणूस सापडत नसतो. चित्र काढून घेऊ.”

काकांच्या ओळखीचा एक चित्रकार होता. साक्षीदाराच्या वर्णनावरून संशयितांची चित्रं काढायची, हे त्याचं काम. दिवसभर पोलीस ठाण्यात आणि संध्याकाळी घरी. सतत चोर काढून काढून त्याच्या घरातल्या चित्रांतली फुलंसुद्धा सराईत दिसत होती. दोघे त्याच्या घरी गेले. त्याने पेन्सिलीला टोक केलं.

“गुन्हा काय?”

“अजून घडलेला नाही,” मास्तर म्हणाले.

“घडत असावा,” काका म्हणाले.

“साक्षीदार कोण?”

“माझी बायको.”

“मग तिला घेऊन या.”

“ती इसमाच्या बाजूची आहे.”

चित्रकाराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि उठून दाराची कडी काढून ठेवली. पण हाडाचा कलावंत. वर्णन कानावर पडताच त्याचा हात चालू लागला. मास्तरांना सगळं तोंडपाठ होतं. त्या भागाची त्यांनी इतकी पारायणं केली होती की ॲपच्या हिशोबात तेच बाईंचे सर्वांत निष्ठावंत वाचक ठरले असते.

“डोळे चहाच्या रंगाचे.”

“दुधाचा की बिनदुधाचा?”

मास्तर विचारात पडले. बाई बिनदुधाचा घेतात. “बिनदुधाचा,” ते पडेल आवाजात म्हणाले.

“खालचा ओठ?”

“भरलेला. काहीतरी बोलायचं राहून गेल्यासारखा.”

“म्हणजे जबाब अर्धवट सोडल्यासारखा. काढतो.”

चित्र पुरं झालं. माणूस देखणा होता. चित्रकाराच्या सवयीमुळे त्याच्या नजरेत तीन घरफोड्यांचा अनुभव उतरला होता, पण त्याने तो जास्तच देखणा दिसत होता. मास्तरांनी चित्राची घडी घातली. ती घालताना इसमाच्या भुवईवरून अंगठा जरा जोरात फिरला.

इथवर सगळं गुप्त होतं. मग काकांनी एक खबरदारी घेतली. खबरदारी हा काकांचा जुना रोग. त्यांनी चित्राची प्रत काढून फाटकावरच्या वॉचमनला दिली आणि कानात सांगितलं, “हा इसम इमारतीत आला तर अडवू नकोस, फक्त मला सांग.” वॉचमनच्या हातून कागद वाऱ्याने उडायचे. म्हणून त्याने तो सोयीसाठी लिफ्टच्या शेजारी चिकटवून टाकला.

दुपारपर्यंत इमारतीच्या ग्रुपवर चित्र झळकलं. खाली लिहिलं होतं, ‘सावधान.’ एवढ्यावर भागलं असतं तर ती इमारत कसली? पुढचा म्हणाला, हा दुपारी एकट्या बायकांच्या दारावर येतो. तिसऱ्याने लिहिलं, याच्याकडे सगळ्या कुलपांच्या किल्ल्या आहेत. चौथ्याला शेजारच्या इमारतीतून कळलं की हा कुत्र्यांना गुंगीचं औषध घालतो. खरं तर त्या इमारतीत कुत्रं नव्हतं, पण एकाने लगेच लिहिलं, ‘आता कळलं, का नाही ते.’ अध्यक्षांनी लिफ्टच्या आत आणि पाण्याच्या टाकीपाशी प्रती लावायला सांगितल्या. मास्तर हे सगळं जावक विभागात बसून वाचत होते आणि त्यांना घाम फुटत होता. चित्र माझं आहे, असं लिहावं तर पुढचा प्रश्न आलाच असता.

त्यानंतर जे झालं ते काकांच्याही अनुभवात नव्हतं. सगळी चित्रं नाहीशी झाली. वॉचमनने नवी लावली. तीही गेली. टाकीपाशी तर कुणी व्यवस्थित कडेने सोडवून नेलेलं, कोपरा फाटू न देता.

“टोळी आहे,” काका म्हणाले. “स्वतःची ओळख पुसताहेत.”

टोळी होतीच. पहिल्या मजल्यापासून पाचव्यापर्यंतच्या बायका त्या टोळीत होत्या. सगळ्या बाईंची कथा वाचत होत्या आणि चित्र पाहताक्षणी त्यांनी नायकाला ओळखलं होतं. कुणी कपाटाच्या आतल्या बाजूला लावलं, कुणी उशीच्या अभ्र्यात ठेवलं. एकीच्या सासूबाईंनी तर सुनेने आणलेलं आपल्या खोलीत नेलं आणि परत दिलं नाही. बाईंना मात्र याचा पत्ता नव्हता. ‘सावधान’ने सुरू होणारे निरोप त्या वाचत नसत आणि लिफ्टने कधी जात नसत. गुडघ्यांसाठी जिना बरा, असं त्यांचं गणित होतं.

याच सुमाराला पाण्याचा फिल्टर दुरुस्त करणारा माणूस इमारतीत आला. हसतमुख, खांद्याला पिशवी, आणि हनुवटीवर खळी. वॉचमनने त्याला फाटकातच धरलं. भुवई जुळत नव्हती, पांढरे केस नव्हते, डोळे काळेभोर होते. पण खळी म्हणाल तर हुबेहूब. इसम निदान थोडा तरी सापडला आहे, अशी वॉचमनची खात्री झाली. काका दुपारच्या झोपेत होते, म्हणून त्याने फिल्टरवाल्याला आपल्या खोलीत बसवून अध्यक्षांना कळवलं आणि अध्यक्षांनी पोलिसांना फोन लावला.

फिल्टरवाला आधी खूप चिडला. मग एकेक करून बायका खाली येऊ लागल्या. दारातून डोकावून “खळी तर तीच गं!” असं म्हणू लागल्या. तसा त्याचा राग ओसरला. पिशवीतून कंगवा काढून त्याने भांग पाडला. पोलिसांची जीप आली तेव्हा तो म्हणाला, “इतक्यात?”

मास्तर कचेरीतून घरी आले तेव्हा दाराला कुलूप होतं. बाईंची यायची वेळ टळून गेली होती. फोन लावला तर बंद. त्यांनी समोरची बेल दाबली. काकांनी दार उघडलं, पण ते आत या म्हणाले नाहीत. मास्तरांच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. काकांनी आजवर कुणाच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता.

“मास्तर, मन घट्ट कर. वहिनी गेल्या.”

“कुठे?”

“त्या इसमाबरोबर. पांढऱ्या गाडीत बसून. मी खिडकीतून माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वरून गाडीचा नुसता टप दिसत होता, पण त्याने मान वर केली तेव्हा खळी दिसली. वहिनी स्वतःहून बसल्या रे. घाईघाईने.”

मास्तर जिन्याने खाली उतरले. मधे कुणी काही विचारलं, त्यांना ऐकू आलं नाही. आयुष्यभर या बाईने चहा समोर ठेवला आणि आपण पेपर वाचत तो उचलला. ती काय बोलते याला आपण हं म्हटलं. आता ती परत आली नाही तर घरात हं म्हणायलाही काही उरणार नाही, एवढं एकच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. ते चालत चालत पोलीस ठाण्यात पोचले. भिंतीशी बाकावर माणसं बसली होती, तिकडे न पाहता ते थेट फौजदारांच्या टेबलापाशी गेले.

“माझी बायको गेली.”

“एकटी?”

“एका इसमाबरोबर.”

“बसा. इसमाचं वर्णन द्या.”

शेजारच्या टेबलावर चित्रकार बसला होता. त्याने मास्तरांना पाहून कपाळाला हात लावला, पण सवयीने कोरा कागद पुढे ओढला. मास्तर बोलू लागले. केस दाट आणि जरा बेशिस्त. कितीही मागे सारले तरी एक बट कपाळावर. डाव्या भुवईत जुन्या जखमेची फट.

कोपऱ्यात फायली लावणाऱ्या हवालदारबाईंचे हात थांबले. त्यांनी पुढचं वाक्य न विचारताच सुरू केलं. “तो तिच्याकडे घाईने बघत नसे. त्याची नजर आधी तिच्या केसांवर थांबायची, मग कानाच्या पाळीवर, मग गळ्याच्या खळगीत हळूच उतरायची. कुणी हात न लावता आपली वेणी सोडतंय, असं तिला वाटायचं.” मग सगळे आपल्याकडे बघताहेत हे लक्षात येऊन त्या फायलींत तोंड खुपसून म्हणाल्या, “कालच्या भागात आहे, साहेब.”

फौजदारांनी घसा खाकरला. “इसम राहू दे. बायकोचं वर्णन सांगा. उंची?”

“बेताची.”

“रंग?”

“घरातल्यासारखा.”

“म्हणजे?”

“म्हणजे आपला नेहमीचा.”

“केस?”

“आहेत.”

“लांब? आखूड? पांढरे?”

“बांधलेले असतात.”

“डोळे?”

“चष्मा आहे.”

“चष्म्याच्या मागे?”

मास्तरांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. चहाचा कप पुढे करणारा हात दिसला. ओट्याशी उभी असलेली पाठ दिसली. “अहो, जेवायला चला,” हा आवाज अगदी स्पष्ट ऐकू आला. पण चेहऱ्याच्या जागी काही येईना. हजारो परक्या माणसांच्या कानामागचे तीळ ज्यांनी शोधून काढले, त्यांना स्वतःच्या बायकोचा चेहरा सापडेना.

“ओळखीची खूण?” फौजदारांनी विचारलं.

हा प्रश्न मास्तरांनी जन्मभर दुसऱ्यांना विचारला होता. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाले, “काही नाही.”

चित्रकाराने कागद त्यांच्यासमोर धरला. एक लंबगोल होता आणि त्यावर चष्मा. “एवढं वर्णन आमच्या साहेबांनाही लागू पडतं,” तो म्हणाला. फौजदारांनी चष्मा काढून ठेवला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

“उजव्या गालावर, कानाजवळ, कांजिण्यांचा वण आहे,” मागून आवाज आला. “केस अर्धे पांढरे. डोळे तपकिरी. डाव्या डोळ्यात एक हिरवट ठिपका आहे, लग्नाआधीपासून. घ्या लिहून.”

मास्तर वळले. बाकावर बाई बसल्या होत्या, मांडीवर शाळेची पिशवी घेऊन. शेजारी फिल्टरवाला. दोघे मास्तर यायच्या कितीतरी आधीपासून तिथे होते.

झालं होतं ते सोपं होतं. शाळेतून येताना बाईंना फाटकापाशी पोलिसांची जीप दिसली, हवालदाराच्या हातात आपल्याच नायकाचं चित्र दिसलं, आणि त्याच्या पायी पकडलेला हा निरपराध माणूस दिसला. त्याला सोडवायला त्या जीपमध्ये चढल्या. फोनची बॅटरी संपली होती. फौजदारांना एवढं सांगून झालं होतं, तितक्यात मास्तर येऊन टेबलाशी उभे राहिले.

“तर मग हा इसम आहे तरी कोण?” फौजदारांनी एकदाचं विचारलं.

बाईंनी फळ्यावर उदाहरण सोडवावं तसं सांगितलं. “भुवई आमच्या मुख्याध्यापकांची. सायकलवरून पडले होते. पांढरी रेघ डोळ्यांच्या डॉक्टरांची, चष्म्याचा नंबर काढताना दिसली. डोळे शाळेच्या बसच्या ड्रायव्हरचे, आरशातून दिसतात. केस वाण्याच्या मुलाचे. ओठ माझ्या धाकट्या जावेचे.”

“जावेचे?” मास्तर म्हणाले.

“चांगले आहेत तिचे. आणि खळी यांची. मागे आपला फिल्टर बसवायला आले होते तेव्हा मान वर करून झाकण लावत होते.”

फिल्टरवाल्याचा हात हनुवटीकडे गेला. “म्हणजे ती माझीच?” त्याने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावरून आता कुणी सोडलं तरी तो घरी जाईल असं दिसत नव्हतं.

“बरेच जण मिळून झालाय म्हणजे,” दारातला हवालदार म्हणाला. “टोळीच झाली, साहेब.”

मास्तरांच्या छातीवरचा दगड उतरला. बायको कुठे गेली नव्हती, इसम कुठे नव्हताच. माणसाने इथे गप्प बसावं, हात जोडावेत आणि घरी जावं. पण जीव भांड्यात पडला की माणसाला मागणं सुचतं.

“एवढ्या जणांचं घेतलंस,” ते म्हणाले. “त्यात माझं काहीच नाही?”

“तुमचं काय घेऊ?” बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “मी समोर असले की तुमचं तोंड पेपराआड असतं. पेपराचं मागचं पान लिहून पाठवलं असतं तर बहिणीने पुन्हा फोन केला असता.” मग हवालदारबाईंकडे पाहून म्हणाल्या, “तुम्ही म्हणून दाखवलंत ना मघाशी, तो तिच्याकडे कसा बघतो ते? बाकी सगळं कुणाकुणाचं पाहिलेलं आहे. तेवढंच एक मला मनाने लिहावं लागलं.”

हवालदारबाईंनी एक फाईल उगाच दुसऱ्या फायलीवर ठेवली. फौजदार म्हणाले, “जा तुम्ही घरी.” ते कुणाला उद्देशून होतं हे कळायला मास्तरांना जरा वेळ लागला.

घरी येऊन बाईंनी चहा टाकला. टेबलावर सकाळचा पेपर तसाच पडला होता. मास्तरांनी तो उचलून शेल्फावर ठेवला आणि खुर्ची बाईंच्या समोर ओढून बसले. चष्मा त्यांनी कपाळावर चढवला. गालावर, कानाजवळ, कांजिण्यांचा वण होता. पांढरे केस कपाळाच्या मध्यापासून सुरू होऊन मागे गेले होते आणि चहाच्या वाफेने एक बट ओली झाली होती. डाव्या डोळ्यातला ठिपका दिसायला त्यांना जरा पुढे वाकावं लागलं. होता. हिरवट. वरचा ओठ मधोमध किंचित उचललेला होता. हे तर तिने स्वतःसुद्धा फौजदाराला सांगितलं नव्हतं. मास्तर घाई न करता बघत राहिले, आणि बघता बघता त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

बाईंनी कप खाली ठेवला. “काय आहे?”

“काही नाही.”

“काही नाही कसं? असं काय बघताय?”

“असंच.”

“असंच?” बाईंनी मागे सरकून पदर सारखा केला. मग त्यांनी शेल्फावरच्या पेपराकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि त्यांच्या भुवया जवळ आल्या. इतक्या वर्षांत हा माणूस पेपर न वाचता समोर बसला नव्हता. त्या उठल्या, दार उघडलं आणि समोरच्या दाराकडे बघून हाक मारली, “दक्षताकाका! जरा बाहेर या हो! यांनी आज आणखी काय करून ठेवलंय?”